तेल होतं, दादा

जा. क्र. १
४ जानेवारी

माननीय कनिष्ठ बंधू यांस,

विषय : दिवंगत पिताश्रींच्या मोटारीचा जीर्णोद्धार व तदनुषंगिक दोषनिश्चिती.

महोदय,

सात वर्षे उभय पक्षांनी निष्ठेने पाळलेल्या मौनाचा भंग प्रथम माझ्याकडून होत आहे, याची नोंद घ्यावी. मी नमलो असा अर्थ मात्र घेऊ नये. आवक-जावक विभागात सव्वीस वर्षे घालवलेल्या इसमास पत्र धाडणे हे शिंकण्याइतके नैसर्गिक असते.

कारण असे. गेल्या मंगळवारी मातोश्रींनी जेवता जेवता ताट पुढे सारले आणि घोषणा केली, "मला धाकट्याकडे जायचंय."

मी म्हणालो, "रेल्वेचं तिकीट काढतो."

"रेल्वेनं नाही. ह्यांच्या गाडीनं."

ती गाडी अंगणात ताडपत्रीखाली सात वर्षे समाधिस्थ असून तिचे इंजिन जाम आहे, ही वस्तुस्थिती मी सविस्तर विशद केली. मातोश्रींनी ती शांतपणे ऐकून घेतली व म्हणाल्या, "मग दुरुस्त कर. मी कुठे उद्याच म्हणतेय? परवा निघू."

त्यांचे वय आता एक्क्याऐंशी. 'परवा' हा शब्द फार ताणण्याची सोय उरलेली नाही, हे मला समजते. म्हणून मिस्त्रीस पाचारण केले. हे गृहस्थ ठेंगणे असून चष्मा डोळ्यांवर न लावता कपाळावर धारण करतात. इंजिनाच्या पुढच्या पुलीला त्यांनी पाना लावला, अंगातील सर्व बळ एकवटून फिरवून पाहिला, आणि नाक ओढून म्हणाले, "हलत नाही." मग एका खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर अंदाजपत्रक लिहिले. इंजिन उतरवणे, क्रँक घासणे, बोअर करणे, पिस्टन नवे, बेअरिंगे नवी. खालची बेरीज वाचून मी पायरीवर बसलो. पायरी नुकतीच धुतलेली होती, हे मला बऱ्याच वेळाने कळले.

"यात गाडीची किंमत धरली आहे का?" मी विचारले.

"नाही साहेब," ते म्हणाले. "गाडी तुमचीच."

आपल्याकडून एक पैचीही अपेक्षा नाही. अपेक्षा एका वाक्याची आहे. ते आपल्या हस्ताक्षरात, सही व दिनांकासह पाठवावे : "इंजिन माझ्या निष्काळजीपणामुळे जाम झाले."

आपणास विस्मरण झाले असल्यास स्मरण देतो. त्या दिवशी बाबा रुग्णालयात अखेरच्या घटका मोजत होते. मी त्यांच्या उशाशी होतो. आपण आईला घेऊन निघालात आणि निम्म्या वाटेत इंजिन बंद पडले. आपण दीड तास उशिरा पोहोचलात. बाबा त्याआधी चाळीस मिनिटे गेले होते. आईची भेट झाली नाही. गाडीची देखभाल सर्वस्वी आपल्याकडे होती, ही बाब निर्विवाद आहे. इंजिनात तेल नव्हते. रुग्णालयाच्या वऱ्हांड्यात मी तसे म्हटले, त्यावर आपण तीन शब्द उच्चारलेत, आणि त्यानंतर मी जे म्हणालो ते म्हणालो.

वाक्य आले की प्रकरण नस्तीबद्ध करता येईल.

आपला,
ज्येष्ठ बंधू


जा. क्र. २
१९ जानेवारी

महोदय,

आपले कार्ड पावले. पत्ता वगळता मजकूर असा : "तेल होतं, दादा."

मी कार्ड उलटून पाहिले. उजेडात धरून पाहिले. सात वर्षांत आपल्या बचावात एका शब्दाचीही भर पडू नये, या काटकसरीचे मला कौतुक वाटते. आपल्या वहिनींना दाखवले, तर त्या म्हणाल्या, "त्याचं तीन शब्दांत भागलं. तुम्हाला तीन पानं लागली होती." स्वगृही न्याय मिळत नाही, हे यावरून सिद्ध व्हावे.

असो. उद्या गाडी ओढून गॅरेजमध्ये नेण्यात येईल. इंजिन माझ्या समक्ष उघडावे, अशी अट मी मिस्त्रींना घातली आहे. "साहेब, कपडे खराब होतील," ते म्हणाले. मी उत्तरलो, "सत्यासाठी एक विजार गेली तरी चालेल." त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, जणू माझेच नट ढिले असावेत. मी पंचनामा करून त्याची प्रत आपणास पाठवीन. माणसे काहीही बोलतात. लोखंडाला बोलता येत नाही म्हणून ते खोटे बोलू शकत नाही.

दोषारोपांच्या यादीत मी कसा उदार आहे, तेही नमूद करतो. त्याच आठवड्यात आपल्या सुकन्येने, त्या वेळी वय वर्षे सहा, माझ्या पेनाची क्लिप मोडून हरवली. मला नोकरी लागली तेव्हा बाबांनी दिलेले ते पेन. क्लिपवर त्यांनी माझे आद्याक्षर कोरून घेतले होते. चिमणी रविवारी त्या पेनाने वर्तमानपत्रातल्या माणसांना मिशा काढत होती. सोमवारी कचेरीत पाहतो तो क्लिप नाही. मी तिला चार शब्द सुनावले आणि ती रडली. या विषयाची मी पुन्हा कधीही वाच्यता केलेली नाही, आता केली तेवढी सोडून. हे पत्रही त्याच पेनाने लिहीत आहे. क्लिपेअभावी ते खिशात आडवे पडते. सात वर्षांत चार सदरे शाईने कामास आले.

वाक्याची वाट पाहत आहे.

ज्येष्ठ बंधू


जा. क्र. ३
२२ जानेवारी

महोदय,

पंचनामा पुढीलप्रमाणे.

सकाळी साडेदहा वाजता गाडी लिफ्टवर चढवली. मिस्त्रींनी खाली एक घमेले ठेवले. इंजिन उतरवण्यापूर्वी तेलाचा बोल्ट उघडण्याची रीत आहे, असे त्यांनी सांगितले.

"उघडा खुशाल," मी म्हणालो. "त्यात काही नाही."

त्यांनी बोल्ट उघडला.

मी हे वाक्य तीनदा लिहून खोडले आहे, स्थळप्रत गिचमिड झाली आहे, तरी लिहितो. तेल आले. थेंब नव्हे, धार नव्हे, मनगटाएवढा काळा लोट खाली आला. घमेले भरले. मिस्त्रींनी पायाने दुसरे पुढे ओढले, तोवर फरशीवर तळे झाले आणि माझा डावा बूट त्यात बुडाला. मला पाय उचलण्याचे सुचले नाही.

"साहेब," मिस्त्री म्हणाले, "तुम्ही तर म्हणालात तेल नव्हतं."

मी म्हणालो, "नव्हतंच."

ते घमेल्याकडे बघत राहिले. मीही बघत राहिलो. कोरड्या ठणठणीत इंजिनाच्या पायावर माझी सात वर्षे उभी होती, आणि आता तो पाया माझ्या बुटात शिरत होता.

मग माझ्या प्रशिक्षित मेंदूने युक्तिवाद केला, तोही प्रामाणिकपणे नोंदवतो. धाकट्याने मागाहून गुपचूप तेल ओतले असेल! क्षणभर मला बरे वाटले. परंतु गाडी त्याच संध्याकाळी ओढून माझ्या अंगणात आणली, बॉनेटची दोरी आतून ओढावी लागते, आणि किल्ली त्या दिवसापासून माझ्या कपाटात आहे. आपण त्यानंतर या घराचा उंबरठा ओलांडलेला नाही. ओलांडू नये, असे मीच सांगितले होते.

मी मिस्त्रींना विचारले, "तेल आहे की नाही, हे बाहेरून कळलं असतं का?"

"इंजिनातली तेलाची पट्टी ओढून बघायची. शाळेतली पोरंही बघतात."

सात वर्षांत मी एकदाही ती पट्टी ओढून पाहिली नाही. ताडपत्री मात्र दर वर्षी बदलली.

इंजिन का जाम झाले, हे अद्याप अनिर्णित आहे. तेल होते आणि तरी जळले, हे कसे, असे मी विचारले. मिस्त्री म्हणाले, "तेल असून भागत नाही साहेब, वर चढावं लागतं. चेंबर खोलतो, मग कळेल."

तूर्त वाक्य पाठवू नये.

ज्येष्ठ बंधू


जा. क्र. ४
२४ जानेवारी

बंधो,

विषय लिहिता येत नाही. तो रकाना मी रिकामा ठेवत आहे, नोकरीत प्रथमच.

आज त्यांनी चेंबर खोलले. चेंबर म्हणजे इंजिनाच्या पोटाखालचा तेलाचा हौद. तुला हे माहीत आहेच, तू पंपांची दुरुस्ती करतोस. मला आज कळले. त्या हौदात एक नळी उतरते, तिच्या तोंडाला जाळी असते, आणि त्या जाळीतून पंप तेल वर खेचतो. जाळी तुंबली की हौद भरलेला असूनही वर सगळे कोरडे राहते.

जाळीवर काहीतरी घट्ट बसले होते. मिस्त्रींनी ते छिन्नीच्या टोकाने सोडवले, पेट्रोलमध्ये धुतले आणि माझ्यापुढे फडक्यावर मांडले. डब्याच्या तोंडावर चिकटवलेली असते तशी चंदेरी चकती. तिचे दोन मोठे तुकडे आणि बरेच बारके.

"तेलाच्या डब्याचं सील," मिस्त्री म्हणाले. "कुणीतरी सोलून काढण्याऐवजी आत भोसकलं. तेलाबरोबर गेलं इंजिनात. अडाणी काम." मग त्यांनी पुन्हा त्या हौदाच्या तळाशी बोटे फिरवली. "हे काय आहे? हे इंजिनाचं नाही."

त्यांनी ते पुसले. पुसताना मला कळून चुकले होते. पिवळी, बोटाच्या दोन पेरांएवढी. वर एक अक्षर.

मिस्त्री माझ्या खिशाकडे पाहत होते. पेन तिथे आडवे पडले होते.

मी स्टुलावर बसलो. ते म्हणाले, "साहेब, पाणी घेता का?" मी नको म्हणालो. मग घेतले.

आता तुला तारखेसह सांगतो. त्या रविवारी गाडी माझ्याकडे होती. तू म्हणाला होतास, "दादा, तेल थोडं कमी वाटतंय, डबा डिकीत आहे, तेवढा ओत." मी ओतला. सील नखाने निघेना. स्क्रू-ड्रायव्हर शोधायला मला कमीपणा वाटला. मी खिशातले पेन काढले, टोपणाच्या बाजूने सील आत ढकलले, कट् असा आवाज आला, आणि ते सीलच फाटले असे मी समजलो. मग डबा उलटा केला. शेवटच्या थेंबापर्यंत ओतला, निगुतीने.

हे मी पहिल्या पत्रात लिहिले नाही. आठवत नव्हते, असे आता लिहिणार होतो. आठवत होते. त्या दिवशी वऱ्हांड्यातही आठवत होते. मी ओतलेले तेल पुरे पडले नसेल, पट्टी तर मी पाहिलीच नव्हती, अशी धडकी मला गाडी बंद पडल्याचे ऐकताक्षणीच भरली होती. ती धडकी मी तोंडाबाहेर काढली तेव्हा तिला तुझे नाव दिले. "तेल नव्हतं. तू पाहिलंच नाहीस."

तू म्हणालास, "तेल होतं, दादा."

त्यावर मी जे म्हणालो ते पहिल्या पत्रात 'जे म्हणालो ते म्हणालो' असे लिहून मोकळा झालो होतो. वास्तविक ते असे होते : "खोटारड्या, बाप मारलास तू." आत्या, परिचारिका, वहिनी आणि आपली आई यांच्यादेखत.

चिमणी रडताना म्हणाली होती, "काका, मी नाही तोडली." तिलाही मी खोटारडी म्हणालो होतो. एका आठवड्यात एकाच घरातली दोन खरी माणसे.

मिस्त्रींनी विचारले, "काम पुढं करू की थांबवू? क्रँकवर खोल चरे आहेत. पुठ्ठ्यावर लिहिलं होतं त्याच्यापेक्षा वर जाईल. खरं सांगू का, एवढ्या पैशांत दुसरी जुनी गाडी येते. ही भंगारात द्या."

मी म्हणालो, "करा."


२५ जानेवारी

जावक क्रमांक घातलेला नाही. स्थळप्रतही ठेवलेली नाही.

काल क्लिप घेऊन घरी आलो. आई खिडकीशी बसून शेंगा सोलत होती. मी तिच्यापुढच्या सुपात क्लिप ठेवली. काय बोलावे याची जुळवाजुळव वाटेत केली होती, चांगली दोन परिच्छेदांची. ती तोंडात आलीच नाही.

तिने क्लिप उचलली, डोळ्यांजवळ नेली, पदराने पुसली.

"इंजिनात होती का?"

मी विचारले, "तुला माहीत होतं?"

"क्लिपेचं नाही. तेल तू भरलं होतंस, ते माहीत होतं."

"कुणी सांगितलं?"

"त्यानंच. वाटेत गाडीतला तेलाचा लाल दिवा लागला. त्यानं गाडी थांबवली, उतरला, ती पट्टी काढून पाहिली. पट्टी भरलेली. मी म्हटलं, काय रे? तर म्हणाला, 'तेल दादानं भरलंय ना रविवारी, बरोबरच असणार. दिवाच बिघडला असेल. चल आई, बाबा वाट बघतायत.' आणि निघालो. मग दहा मिनिटांत बंद पडली."

मी हे तुला का लिहितोय? तुला ठाऊकच आहे. तुझ्याच तोंडचे शब्द आहेत. पण मला कालपर्यंत ठाऊक नव्हते, आणि कालपासून मी कोणतेही काम धड करू शकलेलो नाही. सकाळी चहात पेन ढवळले.

दिवा खरे सांगत होता, बारक्या. तू दिव्यावर विश्वास ठेवला नाहीस, माझ्यावर ठेवलास.

मी आईवर ओरडलो. हो, तेवढा निर्लज्जपणा अजून शिल्लक होता. "मग सात वर्षं बोलली का नाहीस?"

ती म्हणाली, "मी त्याला तिथंच म्हटलं होतं, सांग दादाला. तर म्हणाला, 'नको आई. बाबा त्याच्या हातात गेलेत. आता हे कशाला त्याच्या डोक्यावर.' मला शपथ घातली."

"आणि तू शपथ पाळलीस?"

"तू विचारलंस कधी?" तिने शेंग मोडली. "तू विचारत नव्हतास. तू सांगत होतास."

मग शेंगांकडे बघतच ती म्हणाली, "शपथ बोलण्याची होती. इंजिन उघडू नकोस अशी नव्हती."

आता कळले ना, रेल्वे का नको होती?

तुझ्या वहिनीला सांगितले. ती फक्त म्हणाली, "पत्र टाका. आणि या वेळी तीन पानं चालतील."


२ मार्च

बारक्या,

गाडी आज सुरू झाली. मिस्त्रींनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला, म्हणजे प्रसंग गंभीर होता. किल्ली माझ्या हातात दिली. मी नको म्हणालो, तुम्हीच फिरवा. ते म्हणाले, "साहेब, एवढा खर्च केलात, आवाज तरी तुमच्या हातचा निघू दे." पहिल्या फेरीला खोकली, दुसऱ्या फेरीला धूर ओकला, तिसऱ्या फेरीला लागली. बाबा असताना लागायची तसाच आवाज. मी स्टिअरिंग धरून बसून राहिलो, आणि मिस्त्री दुसरीकडे बघत एक स्वच्छ पाना पुन्हा पुन्हा पुसत राहिले.

बिलाचा आकडा तुला सांगत नाही. तो पाहून माझ्या तोंडून एकही संस्कृत शब्द निघाला नाही, एवढेच सांगतो.

तुझे उत्तर आलेले नाही. पाच पत्रांना एक कार्ड, तेही पहिल्याच पत्राचे. तू काही लिहावेस असा माझा हक्क उरलेला नाही, त्यामुळे स्मरणपत्र पाठवत नाही. आम्ही शनिवारी निघतोय. मी, आई आणि तुझी वहिनी. आई पुढे बसणार आहे, हे तिने परस्पर ठरवले आहे. तू दार उघडलेस तर ती आत येईल. मी गाडीत बसून राहीन. तू म्हणशील तेवढा वेळ बसेन. आवक-जावकला बसण्याची सवय असते. चिमणीला मात्र एकदा खाली पाठव. तेरा वर्षांच्या मुलीची माफी कशी मागतात, याचा मसुदा मला जमलेला नाही. तिला ते पेन द्यायचे आहे. मिशा काढायला.

जानेवारीत मी तुझ्याकडे एक वाक्य मागितले होते. हस्ताक्षरात, सही व दिनांकासह. ते तयार आहे :

इंजिन माझ्या निष्काळजीपणामुळे जाम झाले. आई बाबांना भेटू शकली नाही, ती माझ्यामुळे. माझा भाऊ खरे बोलत होता.

एक मागितले होते, तीन झाली. माझ्या हातून थोडक्यात काही होत नाही.

गॅरेजमधून निघताना मिस्त्री म्हणाले, "साहेब, लांबचा पल्ला आहे. एकदा पट्टी बघून घ्या."

मी बॉनेट उघडले. बाकी सगळी भीती एकीकडे आणि ती बोटभर पट्टी ओढण्याची एकीकडे. ओढली, फडक्याने पुसली, पुन्हा घातली, पुन्हा ओढली, आणि उजेडात धरली.

तेल होतं, बारक्या.

दादा

सोबत : क्लिप, एक.